प्रिंटर घरचाच होता

त्या दिवशी मी प्रिंटरला चापट्या मारत होते, आणि तो दारात उभा राहून बघत होता.

चापट्या म्हणजे लाडाच्या नाहीत हं. चांगल्या सणसणीत. एक डावीकडून, एक वरून, आणि तोंडानं "मेल्या, परवापर्यंत चालत होतास ना, मग आता काय धाड भरली?" हे चालूच.

"मारल्यावर चालतो का हो तो?"

मी गर्रकन वळले. दारात एक मुलगा. निळा शर्ट, हातात हेल्मेट, केसांवर रस्त्याची धूळ, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू. मला दाबलेलं हसू मुळीच आवडत नाही. हसायचं तर माणसानं सरळ हसावं.

"कधी कधी चालतो," मी म्हटलं. "माणसंसुद्धा चालतात."

"मग मी जरा लांबच उभा राहतो," असं म्हणून तो खरंच एक पाऊल मागं सरकला.

आता खरं सांगू? माझा अर्धा राग तिथंच गेला. पण चेहऱ्यावर दाखवीन तर शपथ.

आमची नर्सरी कऱ्हाटीत, गावाबाहेर रस्त्याला लागून. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, झेंडू… बी टोचून रोपं तयार करायची आणि शेतकऱ्यांना द्यायची. पुढं पत्र्याचं ऑफिस, मागं हिरव्या जाळीचं शेडनेट. आत फॉगर चालू केला की उन्हाळ्यातसुद्धा अंगावर बारीक पाणी येतं आणि सगळीकडं ओल्या कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या भुशाचा, वास सुटतो. रोपांच्या प्रत्येक ट्रेला स्टिकर लागतं, त्यावर रोपाची जात आणि बी टोचल्याची तारीख. स्टिकर नाही तर ट्रे गेटाबाहेर नाही, हा आमच्याकडचा कायदा. मागं एकदा ट्रे इकडचे तिकडं झाले, एका माणसाच्या रानात तिखट मिरचीच्या जागी ढोबळी उगवली, आणि तो गावभर आमच्या नावानं शंख करत फिरला. तेव्हापासून हा कायदा.

"मी अविराज," तो म्हणाला. "टोमॅटोची रोपं न्यायला आलोय. कुशाबाईंच्या नावानं ऑर्डर आहे. वरकुट्याच्या."

"इंदापूर तालुक्यातून इथवर? तिकडं नर्सऱ्या नाहीत?"

"पुष्कळ आहेत. पण आईच्या मैत्रिणीनं कऱ्हाटीची रोपं लावली, त्यातलं एकही मेलं नाही. आता आईला दुसरं काही पटत नाही. आणि मी बारामतीतच असतो, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबला. म्हणून पाठवलं मला." त्यानं मान वाकडी करून माझ्या स्क्रीनकडं बघितलं. "अरे! लिनक्स आहे की हे… कुणी टाकलं?"

"मी." मान आपोआपच वर गेली माझी.

कारण ते माझंच कर्तृत्व होतं. जुना कॉम्प्युटर रडत रडत चालायचा, सारखा व्हायरस. मी पुण्याहून आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यातलं विंडोज काढून लिनक्स टाकलं. वर फायरवॉल चालू केली, तीही अशी कडक की बाहेरचं कुत्रंसुद्धा आत यायला नको. आणि त्या दिवसापासून प्रिंटरनं स्टिकर द्यायचं बंद केलं.

"पुण्यात कंपनीत होते… म्हणजे आहे," मी म्हटलं. "आमच्याकडं सगळं लिनक्सवरच असतं. सध्या घरून काम."

होते. फक्त होते. कंपनीनं आमचं अख्खं काम बंद करून आम्हाला घरी पाठवलं होतं. पण ते या निळ्या शर्टाला कशाला सांगायचं? तो इतकं स्वच्छ, नीटनेटकं बोलत होता की मलाही माझं पुण्यातलं बोलणं इस्त्री करून बाहेर काढावंसं वाटलं.

"बघू का मी जरा?" त्यानं विचारलं. "मारणार नसाल तर."

मी खुर्ची सरकवून दिली. आणि तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला…

"आगं ये वृषे! भाईर गिऱ्हाईक ताटकळलंया, निघालं का न्हाय तुझं ते इस्टिकर? आधीचं मिशीन काय वाईट हुतं गं, म्हनं लिनक्स! लिनक्सनं काय घातलं आपल्या पदरात?"

माझी आई. बनाबाई. ही नर्सरी तिची. दादा, म्हणजे माझे वडील, फक्त गाडी घेऊन रोपं पोचवतात, बाकी बी टोचण्यापासून हिशोबापर्यंत सगळी सत्ता तिची. साडीवर दादांचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं, कोपरापर्यंत कोकोपीट, पाय अनवाणी आणि चिखलाचे. रोजच बघते मी तिला तशी. पण त्या क्षणी मी तिला त्याच्या डोळ्यांनी बघितलं. म्हणजे त्याचे डोळे कसे बघत असतील, ते माझं मीच ठरवून टाकलं.

"या…?" अविराजनं विचारलं.

"कामाला असतात आमच्याकडं," मी म्हणाले.

तोंडातून गेलं. माझ्याच तोंडातून, माझ्याच आवाजात, इस्त्री केलेल्या मराठीत. गेल्यावर मला ते ऐकू आलं. आईनं ऐकलं होतं. ती जागच्या जागी थांबली. माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, परत माझ्याकडं. मला वाटलं, आता ही चिखलाच्या हातानं माझ्या कानाखाली जाळ काढणार. काढला असता तर किती बरं झालं असतं!

"व्हय सायेब," आई म्हणाली. "कामालाच हाय मी हितं. च्या आनू का, ताई?"

ताई! मला!

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही. ती गेली.

 अविराजनं मोबाईलवरून एक प्रिंट दिली, ती लगेच निघाली. "म्हणजे प्रिंटर ठणठणीत आहे. उगाच मार खाल्ला बिचाऱ्यानं." मग तो कीबोर्डवर झुकला. लांब बोटं, भराभर चालणारी. एरवी मी त्या बोटांकडं बघत बसले असते. पण मला मागं स्टोव्हवर ठेवलेल्या भांड्याचा आवाज येत होता.

आई चहा घेऊन आली. हात धुतले होते तिनं, कपही चांगले, पाहुण्यांचे. त्याला कप दिला, मला दिला, आणि देता देता, तिच्याही नकळत, माझ्या केसात अडकलेला नारळाचा भुसा चिमटीनं काढून टाकला. मी अंग चोरलं. तिनं पटकन हात मागं घेतला.

"सापडलं," अविराज म्हणाला. "हे बघा. कॉम्प्युटर कुठल्याही नेटवर्कला जोडला की त्याला ठरवावं लागतं, ही जागा घरची की बाहेरची. तुमच्या कॉम्प्युटरनं ठरवलंय, बाहेरची. एसटी स्टँडवर बसल्यासारखा बसलाय तो. मग फायरवॉल सगळी दारं लावून घेते. हा प्रिंटर सारखा हाका मारतोय, मी इथं आहे, मी इथं आहे… आणि हा त्याला ओळखच देत नाही."

"हातभर अंतरावर तर आहे तो," मी कसंबसं म्हटलं.

"तेच ना. घरचाच आहे. पण यानं परका ठरवून टाकलाय."

आई चहाचा रिकामा ट्रे छातीशी धरून ऐकत होती. "आसं बी आसतं व्हय, सायेब?" तिनं विचारलं. "घरच्याला वळखत न्हाय?"

"असतं मावशी. पण दुरुस्त होतं." त्यानं एका ठिकाणी 'बाहेरचं' होतं तिथं 'घरचं' केलं. प्रिंटर गुरगुरला आणि स्टिकरची पट्टी बाहेर यायला लागली… टोमॅटो, टोमॅटो, टोमॅटो. बाहेर ताटकळलेल्या गिऱ्हाइकानं "आलं रं बाबा एकदाचं!" अशी आरोळी ठोकली. आई खुदकन हसली. मी मात्र स्टिकरकडं बघत राहिले. कान इतके तापले होते की हात लावला असता तर भाजलं असतं.

जाताना त्यानं स्वतःचा नंबर दिला. "परत रुसला तर फोन करा," म्हणाला. "मारू नका."

तो गेला आणि मी शेडनेटमध्ये आईच्या मागं जाऊन उभी राहिले. ती ट्रे भरत होती.

"आई… ते मगाशी मी…"

"आगं, वाईट कशाला वाटून घ्यायचं? कामालाच हाय की मी. सारा जलम कामातच गेला." ती हसली, पण मागं वळली नाही. "पोरगा गुनाचा दिसतुया. हातपाय धुतल्यागत सवच्छ बोलतुया. माझ्यापायी तुजं काय इस्काटायला नगं."

शेजारी जयवंताकाकू बी टोचत होत्या. आईच्या जुन्या मैत्रीण आणि खरोखरच आमच्याकडं कामाला. त्यांनी हातातलं काम थांबवलं. "वृषे, कुत्र्यामांजराचं पिल्लूबी आईला वळखतं गं," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता या ट्रेमधल्या भोकात जाऊन बसावं.

माफी मागायला हवी होती ना? आईची तिथंच, आणि त्याला फोन करून तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उद्या सांगू म्हटलं. आणि त्या उद्याची नंतर काय रांग लागली म्हणून सांगू!

कारण दोनच दिवसांत लाईट गेली, कॉम्प्युटर बंद पडला, परत चालू केला आणि प्रिंटर पुन्हा परका.

"रुसला का?" फोनवर त्याचा आवाज. हसू दाबलेलंच.

"रुसलाय."

"मारलं का?"

"नाही… एकच. हळू."

"येतो."

तो आला. परत 'घरचं' केलं, स्टिकरं निघाली. त्यानं मिरचीचे ट्रे नेले. पुढच्या वेळी लाईट गेली तेव्हा वांग्याचे. मग कोबी. मग झेंडू. आमच्याकडं लाईट जाणं ही काय नवलाची गोष्ट नाही, पण त्या दिवसांत मी लाईट जायची वाट बघायला लागले. पंखा थांबला की गावातले बाकीचे लोक वीज मंडळाला शिव्या घालायचे आणि मी आरशासमोर जायचे.

"तुमची फायरवॉल फारच कडक आहे हो," तो एकदा स्क्रीनकडं बघत म्हणाला.

"कॉम्प्युटरची?"

"…सध्या त्याचीच म्हणतोय."

मी हातातला स्टिकरचा रोल उगाचच उलगडला आणि परत गुंडाळला. त्याचा कान लाल झाला होता. माझं काय झालं होतं ते मला दिसत नव्हतं, पण चहा घेऊन आलेल्या आईला दिसलं असावं, कारण ती कप ठेवून लगबगीनं निघून गेली.

हो, चहा दर वेळी आईच आणायची. 'मावशी' होऊन. "साखर बास का, सायेब?" विचारायची. मला 'ताई' म्हणायची. दर घोटाला मी ठरवायचे, आता सांगते, हा कप संपला की सांगते. कप संपायचा. आणि मग अशी भीती वाटायची की, आता सांगितलं तर तो विचारील, इतके दिवस का नाही सांगितलं? त्याला मी काय उत्तर देणार होते?

एकदा तर कहरच झाला. त्याचे दोन्ही हात प्रिंटरच्या पोटात, शाईनं बरबटलेले, आणि मोबाईल वाजला. "जरा स्पीकरवर टाकता?" तो म्हणाला. मी टाकला.

"आव्या! आरं कुठं हायस?" पलीकडून असा खणखणीत आवाज आला की टेबलावरची पावती उडाली. "झेंडू कशाला पाठीवलास रं? आरं टमाटं लावलं, मिरची लावली, वांगी लावली, बांधावर कोबी लावला. आता झेंडू काय डोक्यावर लावू? उसात सरी मोकळी न्हाय ऱ्हायली माझ्या!"

"आई, आगं हाय की मी हितंच, कऱ्हाटीत," अविराज म्हणाला, आणि त्याचं ते धुतलेलं मराठी कुठल्या कुठं गेलं. "दसऱ्याला इकू आपुन झेंडू."

"दसऱ्याला? मेल्या, आजून उन्हाळा सरायचाय! काय रोपं आनायला जातुस का रोपवालीला बघायला जातुस?"

त्यानं शाईच्याच बोटानं फोन बंद केला. स्क्रीनवर काळा ठिपका उमटला. मी टेबलाखाली पडलेलं काहीतरी शोधायला वाकले. काहीच पडलेलं नव्हतं.

"आमची आई," तो म्हणाला. नुसतं तेवढंच. ना ओशाळला, ना "गावाकडची आहे हो" म्हणून हसला. असं म्हणाला, जसं कुणी आपल्या मळ्यातला आंबा दुसऱ्याच्या हातावर ठेवतं. "उसाचं सगळं तीच बघते. मी शिकलो ते तिच्यामुळं."

आणि मागच्या दारात माझी आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी तिच्याकडं बघू शकले नाही. त्या दिवशी मला तो खूप खूप आवडला, आणि मी मला अजिबात आवडले नाही.

त्यानंतर बरेच दिवस लाईट गेलीच नाही. मग एका दुपारी गेली, तासाभरानं आली आणि प्रिंटर पुन्हा परका. अविराज आला तो गप्पगप्पच. हेल्मेट टेबलावर ठेवलं, खुर्चीवर बसला.

"आज निवांत वेळ काढून आलोय," तो म्हणाला. "आज हे पक्कंच करून टाकू. परत बिघडायला नको."

"पक्कं?"

"हो. मग तुम्हाला सारखा त्रास नाही."

 त्रास कुणाला होता? "चहा सांगते," म्हणाले आणि मागं शेडनेटमध्ये गेले.

आत फॉगर चालू होता. हिरवा उजेड, गारवा, अंगावर बारीक तुषार. आई ट्रेंच्या रांगेत उभी होती आणि डोक्याचं फडकं सोडून तोंडाला बांधत होती. नाकावरून घेऊन, मागं घट्ट गाठ, फक्त डोळे उघडे. तेव्हा मला आठवलं, तो येतो तेव्हा दर वेळी असंच असतं. पहिल्या दिवशी नव्हतं, नंतर मात्र दर वेळी. मी कधी विचारलंच नव्हतं. औषध फवारलं असेल असं धरून चालले होते.

"आई, सावलीत कशाला तोंड बांधतेस? औषधही मारलेलं नाही आज. गुदमरशील ना."

"आसू दे."

"अगं पण का?"

तिनं इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "नाक सारखंच हाय गं आपलं. पोरगा हुशार हाय. रोज रोज बघून वळखंल की."

मी तिच्याकडं बघतच राहिले. माझं नाक… लहानपणी गावातल्या बायका माझं नाक चिमटीत धरून म्हणायच्या, बनाबाईनं सोताचंच काढून बशिवलंय जनू! आणि आई काय मिरवायची तेव्हा! तेच नाक ती माझ्यासाठी उन्हाळ्यात फडक्याखाली दाबून चहा देत होती. खोटं मी बोलले होते. लपत ती होती.

"चल," मी तिचं मनगट धरलं.

"आगं कुठं? हात चिखलाचं हायती माझं… वृषे! सोड! यडी झालीस का?"

सोडलं नाही. ओढतच आणलं तिला ऑफिसात. अविराज उठून उभा राहिला. माझा श्वास असा लागला होता, जणू वरकुट्याहून पळत आले होते.

"ही माझी आई," मी म्हणाले. "कामाला नाही. नर्सरी हिचीच आहे. कामाला मीच आहे हिच्याकडं… पुण्याची नोकरी पण गेली माझी, घरून काम वगैरे काही नाही. तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत आणि मी… तिच्या तोंडावर म्हटलं, कामाला असतात. मला लाज वाटली तिची. आणि आता माझी मला इतकी लाज वाटते की…"  नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी. प्रेमात पडलेल्या मुलीनं कसं दिसू नये याचा नमुना होते मी तेव्हा.

"आवं सायेब, तिचं काय न्हाय, ल्हान हाय ती," आई फडक्याआडून घाईघाईनं बोलायला लागली. "मीच म्हनलं हुतं तिला…"

"आई, पुरे!" मी ओरडले. "आता तरी माझी बाजू घेऊ नकोस गं!"

अविराज खाली बघत होता.  मग हळूच म्हणाला, "माहीत होतं मला."

"काय?"

"पहिल्याच दिवशी कळलं. यांनी तुमच्या केसातला भुसा काढला ना, तेव्हा. कामाला असलेली बाई मालकिणीच्या केसातला भुसा असा काढत नाही. आई काढते."

मला वाटलं, जमीन आता तरी दुभंगेल. ती काही दुभंगली नाही. आमच्या ऑफिसात खाली सिमेंटचा कोबा आहे.

"मग बोलला का नाही?"

"कसं बोलू? तुम्ही सांगाल म्हणून थांबलो." त्यानं हेल्मेटचा पट्टा उगाचच ओढला. "माझी आईही साडीवर शर्ट घालून, खुरपं घेऊन उसात भांगलते, वृषाली. असंच फडकं बांधून. फोनवर ऐकलंत ना, कशी बोलते ती… मला येत राहावंसं वाटत होतं. फार वाटत होतं. आणि घरी गेलं की भीती वाटायची. उद्या माझ्या आईलाही तुम्ही चारचौघांत कामाची बाई म्हणालात तर मी काय करायचं?"

  खरंच होतं ते.

"आज तुम्ही सांगितलं नसतंत," तो म्हणाला, "तर हे पक्कं करून निघून जाणार होतो. परत यायला कारणच उरलं नसतं."

"म्हणजे… आधी पक्कं करता येत होतं?"

आता ओशाळायची पाळी त्याची होती. मान खाली, कान लाल. "पहिल्या दिवशीच. मी बदल तात्पुरताच करून जायचो. कॉम्प्युटर बंद पडला की परत पहिल्यासारखा व्हायचा. मुद्दामच. तसा मीही काही कमी खोटा नाही."

मी नाक पुसलं. "माहीत होतं मला."

"काय?"

"दुसऱ्या वेळी तुमच्या मागं उभं राहून बघितलं मी. लिनक्स मीच टाकलंय ना. एक ओळ जास्त टाकली की कायमचं होतं, ते मलाही येतं."

"मग केलं का नाही?"

"…लाईट जायची वाट बघत होते."

तो हसला. पहिल्यांदाच न दाबता, सरळ, दात दाखवून. आणि मी रडता रडता हसले. आई आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली. मग तिनं मागं हात नेऊन गाठ सोडली, फडकं काढलं. नाकावर फडक्याचा लाल वळ उठला होता. मी माझ्या ओढणीनं तिचा चेहरा पुसायला गेले, तिनं पुसू दिला. अगदी लहान मुलासारखी मान वर करून उभी राहिली. अविराज पुढं आला आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. चिखलाच्या पायांना.

"आरं आरं, हात भरतील तुजं," आई म्हणाली. 'सायेब' गळून पडलं होतं कुठंतरी. "आन् ते मिशीन आजच्या आज कायमचं नीट कर बाबा. तुमच्या रुसव्याफुगव्यात माझी गिऱ्हाइकं ताटकळत्यात. यायचं तर ये की तसाच. यायला मिशीनच बिघडाया पायजे व्हय रं?"

त्यानं खुर्ची माझ्यापुढं सरकवली. मी बसले आणि ती एक जास्तीची ओळ माझ्या हातानं टाकली. प्रिंटर गुरगुरला.

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. त्यानं नाव बघितलं आणि स्पीकर चालू करून फोन माझ्या आईपुढं धरला. "आमची आई. बोला."

आईनं घाबरून हात शर्टाला पुसले.

"आव्या? कोन बोलतंय तितं?" कुशाबाईंचा खणखणीत आवाज.

"मी… मी हितं कामा…" इतक्या दिवसांच्या सवयीनं आईच्या तोंडातून निघालं, आणि ती थांबली. माझ्याकडं बघितलं. विचारल्यासारखं.

 मी फोनजवळ वाकले.

"माझी आई हाय ती, मावशी," मी म्हटलं. इस्त्री न करता. "नर्सरीची मालकीन. बनाबाई."

 पलीकडून आवाज आला, "बरं. आन् तू कोन गं बोलतीस?"

अविराज माझ्याकडं बघत होता. आईचा ओला, चिखलाचा हात माझ्या खांद्यावर आला होता आणि मी अंग चोरलं नाही.

"मी हिची पोरगी," मी म्हटलं.